शासनमान्य छळ आणि कबुलीजबाबाचे मूल्य : मालेगाव प्रकरणाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

युद्धकाळात किंवा युद्धसदृश परिस्थितीत ताब्यात घेतलेल्या व्यक्तींचा छळ करण्यास शासनाने मुभा द्यावी काय, हा प्रश्न 11 सप्टेंबर 2001 नंतर जगभर नव्याने चर्चिला गेला. या चर्चेत मुख्यतः अमेरिकेची उदाहरणे दिली जातात. तथापि नाशिक जिल्ह्यातील मालेगावच्या बॉम्बस्फोटांचा तपास हाही याच प्रश्नाचा एक महत्त्वाचा पाठ आहे. छळाला मुभा मिळाल्यास माणुसकीबरोबरच सत्यही कसे हरवते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मुभेचे दोन प्रकार

शासन छळाला दोन प्रकारे मुभा देऊ शकते. पहिला प्रकार प्रत्यक्ष होय. ऑगस्ट 2002 मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने दिलेल्या अभिप्रायात छळाची व्याख्या अतिशय संकुचित करण्यात आली. अवयव निकामी होणे किंवा मृत्यू यांच्या तोडीची वेदना असेल तरच शारीरिक छळ मानावा, असे त्यात म्हटले होते. त्याआधारे बंदिवानांच्या नाकातोंडावर पाणी ओतून बुडण्याची भावना निर्माण करण्यासारख्या पद्धती वापरण्यात आल्या. जानेवारी 2009 मध्ये या पद्धती बंद करण्याचा आदेश निघाला. डिसेंबर 2014 मध्ये सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने, या पद्धतींनी माहिती मिळवण्याचे परिणामकारक साधन म्हणून काम केले नाही, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

दुसरा प्रकार अप्रत्यक्ष असून तो अधिक सूक्ष्म आहे. येथे कायदा छळाची परवानगी देत नाही. उलट छळ हा गुन्हाच राहतो. परंतु पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. ज्या वस्तूला बाजारात भाव आहे ती मिळवण्याचा मोह वाढतो, हा साधा व्यवहार येथेही लागू पडतो.

भारतीय कायद्याची पूर्वपीठिका

हा मोह ब्रिटिश राज्यकर्त्यांनाही ठाऊक होता. महसूल वसुली व गुन्ह्यांचा तपास यांत होणाऱ्या छळाची चौकशी करणाऱ्या मद्रास येथील आयोगाचा अहवाल 1855 मध्ये सादर झाला. पुढे 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसांपुढील कबुलीजबाब अग्राह्य ठरवण्यात आला व तीच तरतूद 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम 25 व 26 मध्ये आली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्येही ती कायम आहे.

या नियमाला अपवाद केला तो विशेष कायद्यांनी. टाडा (1987) आणि पोटा (2002) यांनी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब ग्राह्य ठरवला. हे दोन्ही कायदे आता अस्तित्वात नाहीत. मात्र महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, 1999, म्हणजेच मोक्का, याच्या कलम 18 मध्ये अशीच तरतूद आहे. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याने नोंदवलेला जबाब आरोपीविरुद्ध, तसेच सहआरोपीविरुद्धही वापरता येतो. आरोपीला पूर्वसूचना देणे, त्याला दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे, तक्रार असल्यास वैद्यकीय तपासणी करणे ही संरक्षणे त्यात आहेत. ती प्रत्यक्षात पुरेशी ठरतात काय, हा खरा प्रश्न आहे.

मालेगावचा अनुभव

8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावात झालेल्या स्फोटांत 30 हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने 9 मुस्लिम व्यक्तींना आरोपी केले व मोक्का लावला. काही आरोपींचे कबुलीजबाब नोंदवले गेले. ते बळजबरीने घेतल्याचे सांगून आरोपींनी नंतर नाकारले. डिसेंबर 2010 मध्ये स्वामी असीमानंद यांनी दिल्लीत दंडाधिकाऱ्यासमोर दिलेल्या जबाबात वेगळ्याच गटाकडे निर्देश केला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने 2013 मध्ये अन्य व्यक्तींवर आरोपपत्र दाखल केले. 25 एप्रिल 2016 रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने पहिल्या आरोपींना दोषमुक्त केले. तोवर त्यांतील एकाचा मृत्यू झाला होता.

असीमानंद यांनीही आपला जबाब दबावाखाली दिल्याचे सांगून तो मागे घेतला, ही बाब विशेष लक्षणीय आहे. 29 सप्टेंबर 2008 च्या मालेगाव स्फोटातील आरोपींनीही कोठडीतील छळाच्या तक्रारी केल्या. 31 जुलै 2025 रोजी त्या खटल्यातील सातही आरोपी निर्दोष सुटले. तक्रार करणे आणि ती सिद्ध होणे या भिन्न गोष्टी आहेत, हे खरे. तरीही धर्म व विचारसरणी भिन्न असलेल्या आरोपींच्या तोंडी एकच तक्रार यावी, यावरून दोष व्यक्तींपुरता नसून पद्धतीचा असावा, असे मानण्यास जागा राहते.

11 जुलै 2006 च्या मुंबई लोकलगाड्यांतील स्फोटांच्या खटल्यात तर मुंबई उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी कबुलीजबाब अविश्वसनीय ठरवून 12 आरोपींची मुक्तता केली. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल पूर्वदाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली आहे.

प्रतिवाद व त्याची मर्यादा

छळाचे समर्थक काही तासांत फुटणाऱ्या बॉम्बचे उदाहरण देतात. एकाच्या वेदनेने शेकडो प्राण वाचत असतील तर ती क्षम्य का नसावी, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल हलका नाही. स्फोटात आप्त गमावलेल्यांचे दुःख त्यामागे उभे असते. परंतु त्यात पकडलेला मनुष्यच दोषी आहे, हे आधीच गृहीत धरलेले असते. मालेगावात नेमके हेच अनिश्चित होते. शिवाय तेथील कबुलीजबाब स्फोटानंतरचे होते. त्यांनी कोणताही स्फोट टळणार नव्हता. वेदना थांबावी म्हणून मनुष्य विचारणाऱ्याला हवे तेच उत्तर देतो, आणि त्या उत्तराने तपास तेथेच थांबतो.

समारोप

युद्ध किंवा अन्य कोणतीही असाधारण परिस्थिती छळाचे समर्थन ठरू शकत नाही, असे 1984 च्या संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारात नमूद आहे. भारताने 1997 मध्ये त्यावर स्वाक्षरी केली; मात्र अनुसमर्थन दिलेले नाही. छळ प्रतिबंधक विधेयक 2010 मध्ये लोकसभेत संमत होऊनही कायद्यात रूपांतरित झाले नाही. मालेगावच्या 2006 च्या स्फोटानंतर दहा वर्षांनी पहिले आरोपी दोषमुक्त झाले, तेव्हा एकाही व्यक्तीला शिक्षा झालेली नव्हती. निरपराधांची वर्षे आणि मृतांच्या नातलगांचा न्याय, हे दोन्ही एकाच चुकीने हिरावले जातात. म्हणूनच छळाचा निषेध हा आरोपींविषयीच्या दयेपुरता विषय नसून, गुन्ह्याने पीडित झालेल्यांच्या हक्काचाही विषय ठरतो.