कोल्हापूरचा सामना पाहावयास जातांना
(नभोवाणीवरील भाषण)

आज मी आपल्याशीं एका लहानशा प्रवासाविषयीं बोलणार आहें. पुण्याहून मोटारीनें कोल्हापुरास जावें, तेथील छत्रपति शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना पाहावा, जुनें शहर थोडें हिंडावें आणि दुसऱ्या दिवशीं सुखरूप घरीं परतावें, एवढाच हा बेत. यांत शिकवावयाचें तें काय, असें कोणी म्हणेल. परंतु हाच बेत आखून गेलेल्या पुष्कळ मंडळींची हकीकत ऐकली तर देवीचें दर्शन घाईघाईनें झालेलें असतें, सामन्याचा पूर्वार्ध रस्त्यावरील कोंडींत गेलेला असतो, आणि परततांना मध्यरात्रीं जड डोळ्यांनीं मोटार हांकावी लागलेली असते. दोष रस्त्याचा नसतो आणि शहराचाहि नसतो. या मंडळींनीं प्रेक्षणीय स्थळांची एक लांबलचक यादी केलेली असते, आणि सामना त्या यादीच्या शेवटीं लिहिलेला असतो.

शाळेच्या सहली नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला एक नियम पाठ असतो. ज्या गोष्टीची वेळ आपल्या हातांत नाहीं ती प्रथम मांडावी, आणि बाकीच्या गोष्टी तिच्या अलीकडे-पलीकडे बसवाव्या. देऊळ सायंकाळींहि उघडें असतें, गड उद्यांहि जागेवर असतो. सामना मात्र पंचांची शिटी वाजतांच सुरू होतो, तो आपणांसाठीं थांबत नाहीं. म्हणून या प्रवासाचें गणित सामन्याच्या घटकेपासून मागें मोजीत करावें.

पण त्याआधीं, कोल्हापुरासच कां जावयाचें, हें सांगितलें पाहिजे. महाराष्ट्रांत फुटबॉल अनेक ठिकाणीं खेळला जातो. परंतु कोल्हापुरांत तो पेठांचा खेळ आहे. या शहरांत पेठोपेठीं तालमी आहेत. तालीम म्हणजे मूळचा कुस्तीचा आखाडा, आणि त्याचबरोबर त्या पेठेंतील तरुणांचें जमण्याचें ठिकाण. कोल्हापूर हें मल्लांचें गांव म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्या कीर्तीचें मोठें श्रेय राजर्षि शाहू महाराजांस दिलें पाहिजे. १८७४ सालीं जन्मलेले हे राजे १९०२ सालीं विलायतेस गेले होते. त्या प्रवासांत रोम येथील प्राचीन वर्तुळाकार प्रेक्षागार त्यांच्या पाहण्यांत आलें, आणि त्याच धर्तीवर खासबागेचें कुस्ती-मैदान उभें राहिलें. तें १९१२ सालीं पुरें झालें. कोठेंहि बसलें तरी हौद्यांतील कुस्ती स्पष्ट दिसावी अशी त्याची उतरती रचना आहे.

पुढें फुटबॉल आला तेव्हां त्याला या तालमींनींच आपलेंसें केलें, आणि राजघराण्यानेंहि या खेळास आश्रय दिला. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, संध्यामठ हीं कोल्हापूरच्या संघांचीं नांवें पाहिलीं, तर त्यांत तालमी, मंडळें आणि वस्त्या यांचीच नांवें अधिक आढळतील. त्यामुळें तेथील प्रेक्षक हा नुसता तिकीट काढून बसलेला मनुष्य नसतो. मैदानांत त्याच्या घरच्या गल्लींतील मुलगा खेळत असतो. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांची चुरस तर सर्वश्रुत आहे. अलीकडे कांहीं संघांनीं आफ्रिकेंतील खेळाडूहि आणिले, आणि पेठेनें त्यांनाहि आपलें मानलें. याच मातींतला अनिकेत जाधव २०१७ सालीं भारतांत भरलेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकांत आपल्या देशाकडून खेळला. असा खेळ पाहावयास जावयाचें तर तो त्याच्या स्वतःच्या शहरांत जाऊनच पाहिला पाहिजे.

आतां दिवस कोणता निवडावा? कोल्हापूरचा फुटबॉलचा हंगाम साधारणपणें हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत चालतो. पावसाळ्यांत हा बेत करूं नये. पंचगंगा फुगली कीं महामार्गावर शिरोलीजवळ पाणी येतें. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळीं या पुरामुळें पुणें-बंगळूर महामार्ग तेथें बंद ठेवावा लागला होता, आणि मालमोटारींच्या रांगाच रांगा लागल्या होत्या.

हंगामांतहि पंचांग पाहून दिवस ठरवावा. महालक्ष्मीच्या, म्हणजेच कोल्हापूरकरांच्या अंबाबाईच्या, देवळांत वर्षांतून दोनदां किरणोत्सव होतो. नोव्हेंबरच्या ९, १० व ११ या तारखांस, आणि जानेवारीच्या ३१ व फेब्रुवारीच्या १ व २ या तारखांस मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून गाभाऱ्यांत शिरून मूर्तीपर्यंत पोहोंचतात. हा सोहळा अवश्य पाहावा. परंतु त्याची वेळ आणि दुपारचा सामना संपण्याची वेळ जवळजवळ एकच पडते. एकाच सायंकाळीं दोन्ही साधण्याच्या हव्यासानें दोन्ही हातचीं जातात. तसेंच चैत्री पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर यात्रा भरते. त्या दिवसांत लक्षावधि भाविक येतात, पन्हाळ्याकडील रस्त्यांची वाहतूक बदलली जाते आणि शहरांत उतरावयास खोली मिळणें दुरापास्त होतें. शुक्रवार व मंगळवार हे देवीचे वार. त्या दिवशीं दर्शनाची रांग लांब असते.

सामन्यांचें वेळापत्रकहि दगडावरची रेघ समजूं नये. सण, निवडणुका, परीक्षा किंवा पोलिस-बंदोबस्त यांमुळें सामने पुढें ढकलले जातात. म्हणून निघण्यापूर्वीं दोन दिवस आणि पुन्हां आदल्या रात्रीं स्थानिक वृत्तपत्रांतून, किंवा ओळखीच्या कोल्हापूरकराकडून खात्री करून घ्यावी. शहरांत एकादा परिचित असला तर त्यालाच विचारावें. कोणता सामना रंगेल हें त्याच्याइतकें कोणालाहि सांगतां येणार नाहीं.

आतां वेळेचें गणित मांडूं. समजा, सामना शनिवारीं दुपारीं चारला आहे. जागा नीट मिळावी म्हणून तीन वाजतां मैदानावर असावें. त्याआधीं उतरण्याच्या जागीं सामान टाकणें, स्नान, जेवण आणि घटकाभर विश्रांति यांस तीन तास धरावे; म्हणजे बारा वाजतां कोल्हापूर गांठलें पाहिजे. पुण्याहून कोल्हापूर सुमारें २३० किलोमीटर आहे. मोठ्या रस्त्यावर वेग कितीहि दिसला तरी घाट, वस्त्या, टोलनाके आणि रुंदीकरणाचीं कामें जमेस धरून ताशीं ५० किलोमीटरांचाच हिशेब करावा. साडेचार तासांहून थोडा अधिक वेळ लागला. चहा-फराळास पाऊण तास. एकूण साडेपांच तास. अर्थात् सकाळीं साडेसहाला घर सोडलें पाहिजे. सातला निघूं, असें म्हणणारा मनुष्य प्रत्यक्षांत आठला निघतो, हें ध्यानांत ठेवून मोटार आदल्या रात्रींच भरून ठेवावी.

पेट्रोलचा हिशेबहि असाच. जाऊन येऊन ४६० किलोमीटर आणि शहर व पन्हाळा मिळून ६० धरले तर ५२० झाले. लिटरला १५ किलोमीटर चालणाऱ्या मोटारीस सुमारें ३५ लिटर लागेल. चाकांतील हवा, जादा चाक आणि टोलच्या फास्टॅगमधील शिल्लक या तीन गोष्टी आदल्या दिवशींच तपासाव्या. वाटेंत खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे व किणी असे चार नाके लागतात.

शनिवारीं सकाळीं उशिरा निघाल्यास पहिली अडचण खंबाटकीच्या घाटापाशीं येते. वाई, पांचगणी आणि महाबळेश्वर येथें जाणारीं वाहनें सुरूरच्या फाट्यापर्यंत आपल्याच रस्त्यानें येतात, आणि सुटीच्या दिवशीं सगळी गर्दी घाटांत तुंबते. साडेसहाला निघालेला मनुष्य या गर्दीच्या पुढें असतो. सातारा सुमारें ११० किलोमीटरांवर, कऱ्हाड सुमारें १६० वर. मुक्कामाच्या जरा अलीकडे किंवा पलीकडे या दोहोंपैकीं एका ठिकाणीं थांबावें. चालविणारा एकच असेल तर दर दोन तासांनीं त्याला खालीं उतरवून दहा मिनिटें चालावयास लावावें.

कोल्हापुरांत पोहोंचल्यावर मोटार मैदानापर्यंत नेण्याचा आग्रह धरूं नये. स्टेडियम जुन्या वस्तींत आहे, रस्ते अरुंद आहेत, आणि सामना सुटल्यावर हजारों माणसें एकदम बाहेर पडतात. मोटार उतरण्याच्या जागींच ठेवून रिक्षानें किंवा पायीं जावें. पायीं गेल्यास खासबागेचें मैदानहि वाटेंत पाहून घेतां येतें. त्याच्या लगतच्या केशवराव भोसले नाट्यगृहास ऑगस्ट २०२४ मध्यें मोठी आग लागली होती. त्या जागेकडे पाहून जुन्या कोल्हापूरकरांचा कंठ अजून दाटून येतो. दुपारच्या जेवणांत तांबडा-पांढरा रस्सा पुढें येईल. तो जपून घ्यावा, कारण नंतर दोन तास उन्हांत बसावयाचें असतें. टोपी अवश्य न्यावी.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतों. ज्या पेठाभिमानानें कोल्हापूरचा फुटबॉल वाढविला, त्यानेंच त्याला कधीं कधीं घायाळहि केलें आहे. समर्थकांत हाणामारी होऊन, दगडफेक होऊन सामने थांबवावे लागल्याचे प्रसंग या शहरानें पाहिले आहेत. त्यांत नुकसान होतें तें खेळणाऱ्या मुलांचें. वर्षभर पहाटे उठून मेहनत केलेल्या मुलाचा सामना तिसऱ्याच्याच भांडणानें बंद पडतो, आणि आईबापांस वाटूं लागतें कीं मुलाला या खेळांत घालूंच नये. बाहेरगांवच्या पाहुण्यानें या आगींत काडी टाकूं नये. कोणत्याहि संघाच्या रंगाचा सदरा घालून किंवा निशाण घेऊन जाऊं नये. घोषणा देणाऱ्या घोळक्यांत न बसतां कुटुंबवत्सल मंडळी जेथें बसली असतील तेथें बसावें. चांगली चाल झाली तर ती कोणत्याहि बाजूची असो, टाळी द्यावी. शेजारच्या वृद्ध गृहस्थास, हा मुलगा कोणत्या तालमीचा, एवढेंच विचारावें. तो तीन पिढ्यांचा इतिहास आनंदानें सांगेल. मुलांना बरोबर न्यावें, कारण पराभव कसा सोसावा हें त्यांना पुस्तकांतून शिकवितां येत नाहीं.

सामना पूर्ण वेळेचा असल्यास ९० मिनिटें खेळ आणि मध्यें विश्रांति. बाद फेरींतील सामना बरोबरींत सुटला तर पेनल्टीचे फटके मारून निकाल लावितात, म्हणून त्यापुढें लगेच कोणतेंहि काम ठेवूं नये. शेवटची शिटी झाल्यावर वीस मिनिटें जागेवरच बसून राहावें. गर्दी ओसरते, आणि विजयी पेठेची मिरवणूक वाट अडविण्यापूर्वीं कोणत्या बाजूनें निघाली आहे हेंहि कळतें.

त्या रात्रीं परत निघूं नये, हें मी आग्रहानें सांगतों. पहाटे उठून साडेपांच तास प्रवास केलेला, दुपारभर उन्हांत बसलेला मनुष्य पुन्हां रात्रीं २३० किलोमीटर मोटार चालवितो, तेव्हां तो आपल्यासह घरच्या साऱ्या माणसांचा जीव झोपेच्या स्वाधीन करतो. एका रात्रीच्या खोलीचें भाडें ही उधळपट्टी नव्हे. सायंकाळीं रंकाळ्याच्या काठीं बसावें, लवकर निजावें आणि पहाटे रांग वाढण्यापूर्वीं देवीचें दर्शन घ्यावें.

रविवारची सकाळ पन्हाळ्यास द्यावी. गड शहरापासून सुमारें २० किलोमीटरांवर असून मोटार वरपर्यंत जाते. शिलाहार भोजाच्या काळापासून नांदत आलेला हा गड. येथेंच १६६० सालीं सिद्दी जौहरच्या वेढ्यांत शिवाजी महाराज अडकले होते, आणि जुलैच्या पावसाळी रात्रीं ते निसटले. मागें खिंड अडवून बाजीप्रभु देशपांडे यांनीं देह ठेविला. २०२५ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा दुर्गांत पन्हाळाहि आहे. तीन दरवाजा, अंबरखाना आणि सज्जा कोठी एवढें शांतपणें पाहिलें तरी पुरे. मग शहरांत परत न येतां कोडोली-वाठारकडून महामार्गास लागावें. बाराच्या आंत निघाल्यास कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर घटकाभर थांबून, रविवार सायंकाळची पुण्याच्या वेशीवरील गर्दी होण्यापूर्वीं घर गांठतां येतें.

या दोन दिवसांत न्यू पॅलेस राहिला, कोपेश्वर राहिला, नरसोबाची वाडी राहिली, म्हणून हळहळूं नये. त्यांच्यासाठीं निराळी सुटी काढावी. आपण सामना पाहावयास गेलों होतों, तो आरंभापासून अखेरपर्यंत पाहिला, पाहुण्याच्या मर्यादेनें पाहिला, आणि सर्व माणसें धडधाकट घरीं आलीं. पुढच्या हंगामांत त्या वृद्ध गृहस्थाशेजारीं पुन्हां जागा धरावयास आपण मोकळे आहोंत.