खोटी आशा : एका अंतराळयानापासून कोहिनूर मिलपर्यंत

‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ पाहिलीय का? नसली तरी हरकत नाही. पृथ्वीपासून ७० हजार प्रकाशवर्षं दूर अडकलेलं यान, घरी पोचायला सुमारे ७५ वर्षं. १९९९ सालच्या ‘ब्लिस’ या भागात त्यांना अचानक घरची वाट सापडते. पत्रं येतात, सगळ्या चांगल्या बातम्या. प्रत्यक्षात समोर असतो यानं गिळणारा एक अवाढव्य जीव, आणि तो प्रत्येकाला हवं तेच दाखवतो. सेव्हन ऑफ नाइन मात्र फसत नाही, कारण तिला पृथ्वीची ओढच नसते.

म्हणजे ओढ असली की माणूस फसतो? माझ्या पीएचडीच्या विषयाबद्दल, १९८२च्या गिरणी संपाबद्दल, लोक मला हेच ऐकवतात : ‘कामगार डॉक्टर सामंतांच्या मागे आंधळेपणाने गेले.’ मला हे पटत नाही. का, ते सांगतो.

१९९० साली झिवा कुंडा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. आपल्याला हवा तो निष्कर्ष आपण असाच काढत नाही. त्यासाठी पटण्याजोगी कारणं लागतात. आशेलाही कच्चा माल लागतो! तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा, की कामगारांकडे कोणता पुरावा होता?

बराच होता. दत्ता सामंतांनी इंजिनिअरिंग कारखान्यांत घसघशीत पगारवाढ मिळवून दिली होती. गिरण्यांत मात्र १९४६च्या कायद्यामुळे वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. तिच्यावर राग होता. शिवाय कोकणात, घाटावर गावी थोडीफार शेती, म्हणजे काही महिने तग धरता येणार. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, ते हा हिशेब करूनच.

हिशेब चुकला कुठे? मोटारीचा कारखाना बंद पडला की मालक अडचणीत येतो. गिरण्यांचं तसं नव्हतं. बऱ्याच ठिकाणी कापड न खपता पडून होतं, आणि भिवंडीचे यंत्रमाग चालूच होते. एका ठिकाणी खरा ठरलेला नियम दुसरीकडे लागू पडला नाही, इतकंच.

पुढे दुसरी गोष्ट सुरू होते. आर्क्स आणि ब्लूमर यांनी १९८५ साली दाखवलं, की जितकं आधीच खर्ची पडलंय तितकं मागे फिरणं जड जातं. बायकोचे दागिने गहाण टाकून सहा महिने काढलेला माणूस सातव्या महिन्यात सहज कसा परतेल?

१९८३ साली सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं, त्यात आपल्या दादरची कोहिनूरही होती. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारोंना मात्र काम परत मिळालं नाही. २००५ साली कोहिनूर क्रमांक ३ची जमीन ४२१ कोटींना विकली गेली.

आज शिवसेना भवनाच्या सिग्नलला उभं राहिलात तर समोर तिथला टॉवर दिसेल. शेवट आपल्याला माहीत आहे, म्हणून ती आशा ‘खोटी’ म्हणणं सोपं जातं. जानेवारी ८२मध्ये तुमच्या हातात तोच पुरावा असता, तर तुम्ही काय केलं असतं?