टॅग मागेपुढे झाले तर चूक कोणाची?

एखाद्या अ‍ॅपमध्ये इंग्रजीत 'प्रेस सेव्ह टु कीप युअर चेंजेस' अशी सूचना असते. त्यात 'सेव्ह' ठळक आहे; ते दाखवणारी खूण म्हणजे टॅग १. 'युअर चेंजेस' ही लिंक आहे, म्हणजे टॅग २. मराठीत आपण लिहिणार, 'तुमचे बदल राखण्यासाठी सेव्ह दाबा'. मराठीत क्रियापद शेवटी जातं, त्यामुळे टॅग २ आधी येतो आणि १ नंतर. टॅग ओळीने जुळवून पाहणारी सॉफ्टवेअरची तपासणी लगेच चूक दाखवते, पण वाक्यात चूक काहीच नाही.

खरं पाहायचं ते वेगळंच. मुळातला प्रत्येक टॅग भाषांतरात आहे ना, एखादा जास्तीचा नाही ना, आणि उघडलेला टॅग त्याच्या शब्दानंतर बंद झालाय ना? टॅग १ च्या पोटात टॅग २ असेल, तर २ आधी बंद व्हायला हवा. एकमेकांत अडकलेल्या टॅगमुळे फाइल उघडायलाही नकार देऊ शकते. स्वतंत्र जोड्या मात्र खुशाल जागा बदलोत.

भाषांतराच्या फाइलींसाठीच्या एक्सलिफ २.० या २०१४ च्या मानकात, टॅग हलवता येतो की नाही हे टॅगवरच नोंदवायची सोय आहे. ती नोंद सॉफ्टवेअरने पाळायला हवी.

भाषांतरकारांनो, इशारा घालवण्यासाठी वाक्य मोडू नका. तपासणीच्या सेटिंगमध्ये क्रमाची सक्ती काढता येते का, ते आधी बघा.