नगरवृक्षाचे आळे

महाराष्ट्रातील शहरांतील वृक्षांचे संरक्षण १९७५ च्या अधिनियमाने वृक्ष प्राधिकरणाकडे सोपविले. वृक्षगणना, तोडीची परवानगी व नवी लागवड ही त्याची प्रमुख कामे होत. २०२१ च्या दुरुस्तीने तर तोडलेल्या वृक्षाचे जितके वय, तितकी रोपे लावण्याचे बंधन घातले. या हिशोबात संख्या आहे. मुळांना लागणारी माती मात्र नाही.

मुंबईसारख्या नगरात रस्त्याकडेच्या झाडाचे आयुष्य बहुतांशी त्याच्या आळ्यावर ठरते. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या थरातच पसरतात, आणि त्यांना प्राणवायूही लागतो. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले की पावसाचे पाणी गटारात जाते व मुळे गुदमरतात. त्यातच नळ वा तारांसाठी चर खणताना एका बाजूची आधारमुळे तुटली, तर पर्जन्यवृक्षासारखा विस्तीर्ण माथ्याचा वृक्ष पावसाळी वाऱ्यात उन्मळून पडतो, प्रसंगी जीवितहानीही होते. दोष मात्र वाऱ्याच्या माथी जातो. पावसाळ्यापूर्वीची छाटणी एकाच अंगाने झाली, तर तोल अधिकच ढळतो.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील वृक्षांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. मोठ्या वृक्षाला एवढी जागा तोकडीच; तरी पाणी मुरण्याची वाट तेवढ्याने खुली होते.