दीर्घिकांच्या समूहातील भरतीचा ताण

सप्तर्षींच्या परिसरात एम ८१ व एम ८२ या दोन दीर्घिका शेजारीशेजारी दिसतात. योहान बोडे याने १७७४ साली त्या प्रथम नोंदल्या. जवळच एन. जी. सी. ३०७७ ही तिसरी, लहान दीर्घिका आहे. पृथ्वीपासून सुमारे १ कोटी २० लक्ष प्रकाशवर्षे दूर असलेले हे त्रिकूट नेहमीच्या छायाचित्रांत तीन अलग बेटांसारखे भासते. परंतु १९९४ साली प्रसिद्ध झालेला हायड्रोजन वायूचा रेडिओ-नकाशा निराळेच सांगतो. तिघींना जोडणारे वायूचे लांबच लांब पट्टे त्यात स्पष्ट दिसतात.

हे पट्टे भरतीच्या प्रेरणेने निर्माण झाले, असे ज्योतिर्विद म्हणतात. हा शब्द मात्र मराठी वाचकास किंचित चकवितो. भरती म्हणताच आपल्या मनात पाणी चढते. भौतिकीतील मर्म चढण्यात नसून ताणले जाण्यात आहे. शेजारणीचे आकर्षण दीर्घिकेच्या अलीकडील बाजूवर अधिक, मध्यावर त्याहून कमी व पलीकडील बाजूवर सर्वांत कमी असते. या आकर्षणांतील फरकामुळेच दीर्घिका दोन्ही अंगांनी लांबते. एकीकडे सेतू निघतो, दुसरीकडे पुच्छ. आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हा फरक मात्र घनाच्या. अंतर निम्मे झाले की ताण आठपट होतो.

वेगाचेही असेच आहे. मोठ्या गुच्छांत दीर्घिका सेकंदाला हजारभर किलोमीटर वेगाने एकमेकींजवळून निसटतात; लहान समूहांत त्यांची गती बरीच मंद असते. संथ भेटच अधिक विध्वंसक ठरते, कारण ताणास काम करावयास अवधी मिळतो.

एरिक होल्मबर्ग याने १९४१ साली हे मोठ्या कल्पकतेने पडताळले. प्रकाशाची तीव्रताही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. तेव्हा ताऱ्यांच्या जागी दिवे मांडून, प्रत्येक दीर्घिकेस ३७ याप्रमाणे, त्याने प्रकाशावरून आकर्षण मोजले! तरीही इतके अरुंद पट्टे केवळ गुरुत्वाकर्षणाने संभवतील काय, ही शंका उरलीच. आलार व युरी टूमरे या बंधूंनी १९७२ मध्ये संगणकीय गणिताने ती बहुतांशी फेडली.

छायाचित्रांत हे पट्टे सहसा उमटत नाहीत, याचे कारण साधे आहे. हायड्रोजनची तबकडी ताऱ्यांच्या तबकडीपलीकडे दूरवर पसरलेली असते व तिची कड सैल बांधलेली असते. ताण प्रथम तीच उसवितो. उरलेला वायू कधी केंद्राकडे लोटला जातो. एम ८२ च्या गाभ्यात आज चाललेली ताऱ्यांची विलक्षण वेगवान निर्मिती ही एम ८१ शी झालेल्या अशाच भेटीची परिणती मानली जाते.