बर्गंडीची भाऊवांटणी

वांटणी हा शब्द आपल्या शेतकऱ्याच्या कानाला गोड लागत नाहीं. बापाच्या वीस एकरांचे चार मुलांत पांच-पांच एकर होतात, नातवांच्या वांट्याला एकेक पट्टी येते आणि पुढें बांधच शेत खाऊन टाकतात. मुंबई प्रांतांत १९४७ सालीं तुकडेबंदीचा कायदा झाला तो याच भयानें. परंतु, श्रोतेहो, फ्रान्समध्यें बर्गंडी नांवाचा एक प्रदेश आहे. तेथें याच वांटणींतून जगांतील अत्यंत नांवाजलेली वाइन करणारीं लहान लहान घराणीं उभीं राहिलीं. मद्यपानाची शिफारस करण्याचा माझा हेतु नाहीं. ज्यांनीं तिला न शिवण्याचा नेम केला आहे त्यांनींही ही हकीकत जमिनीची म्हणून ऐकावी.

दिजों शहराच्या दक्षिणेस टेकड्यांची एक लांब, अरुंद ओळ गेली आहे. तिच्या पूर्वेकडील उतारावर तांबड्या वाइनसाठीं पिनो न्वार आणि पांढरीसाठीं शार्दोने, या दोनच द्राक्षांचें प्राबल्य. येथील लोकांच्या मतें रसाची थोरवी जातीवर जेवढी, तेवढीच जागेवर अवलंबून असते. चुनखडीवर मातीचा थर किती, पाणी किती लवकर निथळतें, सकाळचें ऊन किती वेळ मिळतें, यावरून एका पट्टीचा माल शेजारच्या पट्टीहून निराळा ठरतो. अशा प्रत्येक पट्टीला स्वतंत्र नांव असून तिला ते ‘क्लिमा’ म्हणतात. हजाराहून अधिक क्लिमांच्या या भूभागाला युनेस्कोनें २०१५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत घेतलें.

ही पारख करण्यांत ख्रिस्ती मठांचा वांटा मोठा होता. सितो येथील मठ १०९८ सालचा. तेथील साधूंनीं व्हूजो गांवीं जमीन जोडीत जोडीत सुमारें सव्वाशें एकरांचा मळा केला व त्याभोंवतीं दगडी कुसूं घातलें. राज्यक्रांतींत मठाची मिळकत जप्त होऊन विकली गेली, तरी हा मळा १८८९ पर्यंत अखंड राहिला. मग तो फुटला. आज त्याच कुसवाच्या आंत सुमारें ऐंशी मालक आहेत!

मळे असे फुटण्यास नेपोलियनची १८०४ ची दिवाणी संहिता मोठें कारण झाली. थोरल्या मुलाचा विशेष हक्क क्रांतीनेंच मोडला होता. संहितेनें मुलगे व मुली यांना समान वांटा कायम केला. त्यामुळें प्रत्येक पिढींत वेलींच्या ओळी मोजून वांटल्या गेल्या. पण लग्नसंबंधानें दुसऱ्या गांवच्या ओळी घरांत येतही असत. मूठभर जमीन दहा ठिकाणीं विखुरलेली, अशी स्थिति झाली. हें अगदींच वाईट नव्हे. गारपीट एका गांवाला झोडपून गेली तरी दुसऱ्या गांवचें पीक हातीं राहतें.

उत्तम प्रतीच्या जमिनींत हेक्टरच्या दहाव्या हिश्शांतून जेमतेम दीड पीप वाइन निघते. पिपांत २२८ लिटर, म्हणजे सुमारें तीनशें बाटल्या. एवढ्याशा मालाचें कुटुंबानें करावें काय? पूर्वीं तो बोन येथील व्यापाऱ्यांना पिपांनीं विकला जाई. व्यापारी अनेकांचा माल एकत्र करीत, आणि कांहींजण त्यांत दूरच्या प्रदेशाची स्वस्त वाइन मिसळून वर प्रसिद्ध गांवाचें नांव लावीत. याविरुद्ध व्होल्नेचे मार्की दांजेर्व्हिल, न्वी-सें-जॉर्जचे आंरी गूज अशा मळेवाल्यांनीं आवाज उठविला, व्यापाऱ्यांचा रोष पत्करला आणि आपला माल आपल्याच तळघरांत बाटल्यांत भरून आपल्या नांवानें विकण्यास आरंभ केला. गांवांच्या नांवांना १९३६ पासून कायद्याचें संरक्षणही मिळूं लागलें. माझ्या मतें बर्गंडीच्या कीर्तीचें खरें श्रेय या बाणेदार शेतकऱ्यांना आहे. बाटलीवर नांव आपलें असलें कीं छाटणी, तोडणी, मुरवण यांत हयगय करण्याची सोय उरत नाहीं.

आतां या कीर्तीचीच झळ घराण्यांना लागत आहे. उत्कृष्ट दर्जाच्या जमिनीचा भाव हेक्टरी कित्येक दशलक्ष युरोंवर गेला आहे. फ्रान्समध्यें आईबापांकडून येणाऱ्या वारशावरील कर सर्वांत वरच्या टप्प्यांत शेंकडा ४५ पर्यंत जातो. कांहीं सवलती आहेत, पण भावच असा कीं त्या तोकड्या पडतात. चार भावंडांपैकीं एकजण मळ्यांत राबतो, तिघें शहरांत नोकरीला. त्या तिघांचा वांटा विकत घेण्यास वाइनच्या उत्पन्नांतून पैसा कोठून आणावा? मोरे-सें-दनी गांवचा क्लो द तार्त हा साडेसात हेक्टरांचा मळा ११४१ पासून पाहतां जोगिणींचा मठ व नंतर दोन घराणीं, एवढ्यांच्याच हातीं होता. त्यांतील दुसऱ्या, मोमेसें घराण्यानें १९३२ सालीं घेतलेला तो मळा २०१७ सालीं फ्रांस्वा पिनो या धनाढ्य उद्योगपतीच्या कंपनीला विकला. शेजारचा क्लो दे लांब्रे २०१४ सालींच एल्‌व्हीएम्‌एच्‌ या चैनीच्या वस्तूंच्या कंपनीकडे गेला होता.

म्हणून कित्येक कुटुंबांनीं आतां ओळी वांटण्याचें सोडलें आहे. जमीन कौटुंबिक कंपनीच्या नांवें करावयाची, भावंडांनीं तिचे भाग घ्यावयाचे, आणि कसणाऱ्यानें दीर्घ मुदतीचा पट्टा घेऊन खंड भरावयाचा, अशी ही योजना. बांध यामुळें वाढत नाहींत, मळा अखंड राहतो. मात्र त्या भागांची किंमत पुन्हां जमिनीच्या भावावरूनच ठरते, आणि बाप वारल्यावर वारसांना करही त्याच किमतीवर भरावा लागतो.