केबल जोडली, पण पाणी कोण बघणार?

मोटारहोममध्ये इंजिनाची बॅटरी वेगळी आणि दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा चालवणाऱ्या हाउस बॅटऱ्या वेगळ्या. अमेरिकेत गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असली, की मालक १२० व्होल्टची केबल जोडून निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणाच बॅटरीच्या मुळावर येतो, असं माझं ठाम मत आहे. केबलमुळे बॅटरी उतरत नाही हे खरं, पण साध्या लेड-ॲसिड बॅटरीतलं पाणी मात्र केबलमुळेच आटत राहतं. केबलच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारा गाडीतला जुना, साधा कन्व्हर्टर रात्रंदिवस साधारण १३.६ व्होल्ट देत असतो. बॅटरी भरली की त्या करंटला दुसरं काम उरत नाही. तो पाणी फोडून त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन करतो. उन्हाळ्यात हे फार वेगानं होतं. पारा २५ अंशांच्या वर गेला की दर अंशामागे सुमारे ०.०३ व्होल्ट कमी द्यायला हवेत, म्हणजे ॲरिझोनातल्या ४० अंशांत १३.१ च्या आसपास. साध्या कन्व्हर्टरला हे कळत नाही. अशा बॅटरीची झाकणं काढून टॉर्चनं आत पाहिलं, तर प्लेटांची वरची कड उघडी, कोरडी दिसते. तेवढा भाग कायमचा गेला, आणि उरलेलं ॲसिड तीव्र होऊन बाकीच्या प्लेटाही खातं. अशा वेळी प्लेटा बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर आधी घालावं आणि पूर्ण चार्ज झाल्यावर उरलेलं, कारण चार्जिंगमध्ये पातळी चढते.

मग केबलच काढून ठेवावी का? नाही. बऱ्याच गाड्यांत गॅसगळतीचा अलार्म सतत थोडा करंट ओढतो आणि काही आठवड्यांत बॅटरी उतरते. उतरलेल्या बॅटरीत प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, आणि कडाक्याच्या थंडीत ती गोठून फुटते. नवे स्मार्ट चार्जर रिकाम्या वेळी व्होल्टेज १३.२ पर्यंत उतरवतात. ते जरूर घ्यावेत, पण पाणी ते घालत नाहीत, आणि बॅटरीवर तापमानाचा सेन्सर नसेल तर ऊनही त्यांना कळत नाही. लिथियम बॅटरीला पाण्याची भानगड नाही. तिला मात्र सदैव पूर्ण भरून ठेवणं मानवत नाही, तेव्हा ती निम्मी भरून वेगळी काढावी.

आपल्याकडच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरीही अशीच कायम लाइनवर असते. महिन्यातून एकदा तिचे फ्लोट बघा, एप्रिल-मे महिन्यांत पंधरा दिवसांनी. आणि नळाचं पाणी कधीही घालू नका.